गिरवलेली सही

आमच्या घरात 'गिरव' हे क्रियापद शिवीसारखं वापरलं जायचं. अक्षर घाणेरडं? गिरव. शेजारची मुलगी पहिली आली? तिचा कित्ता गिरव. सातवीत मी आज्ञाधारकपणे बाबांची सही गिरवली, अख्खी वही भरून, आणि प्रगतिपुस्तकात गणिताच्या लाल शेऱ्याखाली ठोकून दिली. बाबांच्या सहीखाली एक ऐटबाज रेघ असायची. ती तर मी त्यांच्यापेक्षा झकास मारायचे.

यंदा मुलुंडची आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला निघाली. बाबांनी संमतीपत्रावर सही केली, पण आजारपणापासून त्यांचा हात थरथरतो. सोसायटीचा सेक्रेटरी कागद परत घेऊन आला. "काका, जुन्या सहीशी मॅच होत नाही. रविवारी मीटिंगला अंगठा द्या ना, विषय संपला."

दोन दिवसांनी बाबा जेवता जेवता म्हणाले, "माझ्या बापाने जन्मभर अंगठा दिला. मी नाही देणार."

मला सेक्रेटरीचा असा संताप आला की विचारू नका.

"मी मारते ना तुमची सही," मी म्हटलं. "कोणाला कळणार आहे?"

"खबरदार!"

म्हणजे आता गिरवणं आलं. जुनी सही शोधायला कपाट उपसलं, तर हाती लागलं नेमकं माझं सातवीचं प्रगतिपुस्तक. मी तोंडातून अवाक्षर न काढता त्यातलीच सही टिंबाटिंबांनी काढून दिली. बाबा जीभ बाहेर काढून गिरवत बसायचे. रेघ घसरली की मी खेकसायचे, "पुन्हा!" इतकी मजा मला शाळेत कधी आली नव्हती.

रविवारी सेक्रेटरीने टेबलावर शाईचं पॅड उघडून ठेवलं होतं. बाबांनी आधी ते बंद केलं. मग सही केली, सावकाश, खालच्या रेघेसकट.

"डिट्टो, काका!" सेक्रेटरी म्हणाला.

परत येताना जिन्यात बाबा म्हणाले, "रेघ काही तुझ्याइतकी सरळ नाही आली."

मी पायरीवरच थांबले. "म्हणजे तेव्हाच कळलं होतं? मग बदडलं का नाहीत मला?"

"बदडणार होतो," कठडा धरत ते म्हणाले. "पण चोरण्याजोगी सही आपल्या घरात पहिल्यांदाच झाली होती गं."