मुंडीमास्तरांची भाजीपरीक्षा

आमच्या मास्तरांच्या पाया पडायची सोय नव्हती. गुरुपौर्णिमेला आम्ही पोरं वाकलो रे वाकलो, की वरून आरोळी यायची, "मुंडी वर!" गाडीवर वाकून वांगी निवडणाऱ्या बायका, पडलेली किल्ली शोधणारे काका, कुणाचीही खाली गेलेली मान त्यांना बघवत नसे. त्यांचं खरं नाव आमच्या बमरोलीत, सुरतेतल्या खानदेशी वस्तीत, फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, सगळ्यांचे ते मुंडीमास्तर. दिवसा पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये नोकरी आणि संध्याकाळी आम्हा मिलवाल्यांच्या पोरांना रोलर हॉकी शिकवायची, असा त्यांचा दुहेरी संसार होता.

रोलर हॉकी म्हणजे बर्फावरच्या हॉकीची सुरती बहीण. बर्फ तेवढा नाही. आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात असतो. बाकी चाकांचे बूट, काठ्या, भोवती लाकडी कठडा आणि त्यावर डोकं आपटून घ्यायची सोय, सगळं होतं. तरुणपणी मास्तर स्वतः मान खाली घालून चेंडूमागे सुटले होते आणि कठड्यावर आदळले होते. मग कित्येक महिने गळ्यात पट्टा. "मान वाकवून धडकलं की कठडाच जिंकतो," असं ते सांगत. त्यामुळे आमचा पहिला महिना नुसता पडण्यात गेला. गोदड्या अंथरायच्या आणि खांद्यावर पडा, ढुंगणावर पडा, पण डोक्यावर पडू नका! माझ्या आईला हे काही पटेना. ती भर मैदानात म्हणाली, "पडाले क्लास कशाले? मन्ही पोर घरमा फुकट पडस!"

"ताई, घरमा ती कशीबी पडस," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

कुणी पडलं की आमची खानदेशी माणसं धावत सुटतात. उचलायचं, डोकं चोळायचं, कांदा हुंगवायचा आणि मान धरून कडकन मोडायची. मास्तरांनी हे सगळं बंद पाडलं. मान दुखत नाही, हातापायांची बोटं हलतात, एवढं बघितल्याशिवाय पडलेल्याला कुणी हात लावायचा नाही. आणि त्यानंतर परीक्षा. "हेल्मेट कवटीसाठी असतं, मेंदू आत हलायचा तो हलतोच," म्हणत ते समोर उकिडवे बसत आणि प्रश्न विचारत. आज वार कोणता? समोर कोण खेळतंय? आणि त्यांचा सगळ्यात लाडका प्रश्न, "काल रातले भाजी कसानी व्हती?" उत्तर चुकलं की त्या दिवसाचा खेळ संपला. एकदा एका पोरानं ऐटीत "पनीर" सांगितलं. कठड्याबाहेरून त्याची आई ओरडली, "खोटं! गिलकी होती!" पोराला गिलक्यांची लाज वाटली होती इतकंच, पण मास्तरांनी त्याला तीन दिवस बाहेर बसवलं.

आता माझी मॅच. जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि त्या वयोगटातलं माझं शेवटचं वर्ष. तापीपलीकडच्या एका क्लबशी सामना, निवड करणारे साहेब खुर्च्यांवर, आणि बाहेर अख्खी बमरोली. पुढचं मला काहीच आठवत नाही, सगळं आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच मी खेळले आणि मीच तिथे नव्हते!

दुसऱ्या हाफमध्ये मी मान खाली घालून चेंडूमागे सुटले आणि थेट कठड्यात घुसले. थोड्या वेळानं बोटं हलवून दाखवली, उठून बसले, हसलेसुद्धा. मास्तर समोर बसले. "आज वार कोणता?" माझ्याआधी बमरोली ओरडली, "रविवार!" मी म्हणाले, "रविवार." "समोर कोण?" पुन्हा बाहेरून क्लबचं नाव, पुन्हा माझ्या तोंडी तेच. भाजीच्या प्रश्नाला तर आई कठड्यावर चढली होती. "शेवभाजी! सांग ना वं, शेवभाजी!" तिच्यामागून बायाबापड्या, काके, मामे, सगळे एका सुरात शेवभाजी. सगळ्यांनाच माझी निवड व्हायला हवी होती, मग कॉपी पुरवण्यात कसली कसूर? मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले. निवडवाले साहेबही विरघळले, खेळू द्या म्हणायला लागले. "रमवा दो ने, मास्तर! छोकरी तो ऊभी छे."

मास्तर एवढंसं तोंड करून बघत राहिले. मग माझ्या कानाशी आले आणि हळूच विचारलं, "किती गोल झाले?" मी काय बोलले ते बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. मास्तर म्हणाले, "आता हेच तुझ्या आईकडे बघून जोरात सांग."

मी आनंदानं हात हलवला आणि ओरडले, "माय वं, मॅच कव्हय सुरू होई?"

मॅच कधी सुरू होणार, असं मी दुसऱ्या हाफमध्ये विचारत होते. आई कठड्यावरून उतरली, आत आली आणि माझ्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला जबर हिसका बसलाय. लगेच दुसरा धक्का बसला असता तर जिवावर बेतलं असतं. मला मात्र अंधाऱ्या खोलीत पडल्यापडल्या एकच कळत होतं, की संघात माझं नाव नाही आणि आता कधीच असणार नाही. मास्तर रोज कामावरून यायचे, चहा घेत दारात बसायचे. मी भिंतीकडे तोंड करून पडायची.

नोकरी संपल्यावर ते शिरपूरकडच्या आपल्या गावी निघाले, तेव्हा मी कॉलेजात होते. रिक्षा दारात उभी होती. मनात होतं ते मी बोलून टाकलं, "सर, तुम्ही मला त्या दिवशी परत खेळू दिलं नाही, त्याचा राग अजून गेलेला नाही."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "आजून राग येस?"

"येतो. डॉक्टरांकडे भानावर आल्यावर बूट शोधत होते तेव्हा तुम्ही ते बगलेत मारून उभे होतात. खोलीत यायचात तेव्हा चहा फुर्रफुर्र प्यायचात. सगळं आठवतं मला!"

"सगळं आठवस ना?" ते खदखदून हसले. "मंग पोरी, कठडा हारना, मी जिंकनू!"

मीही हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.