फणसाच्या पेट्या आणि रविवारची मंडळी

सरसाचा वास कधी घेतलाय? सुतार लाकूड चिकटवायला हाडाकातड्याचा सरस उकळतात, तो. एकदा स्वयंपाकघरात शिरला की चार दिवस भाताला येतो, चहाला येतो, केसांना येतो. आमच्याकडे तो माझ्या भाताच्या पातेल्यात उकळत असे. मी शाळेतून यायची ती नाकाला पदर लावूनच. शिकवून शिकवून घसा बसलेला, आणि घरात पाऊल टाकलं की ही घाण. जळ्ळं मेलं लक्षण, दुसरं काय म्हणायचं!

ऐंशी सालानंतरचे दिवस. आमचे हे बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण संसार म्हणाल तर सुट्टीपुरता. दहा-दहा महिने मी एकटी, रत्नागिरीत, मांडवीकडच्या घरात. हे यायचे, दोन महिने घर भरल्यासारखं व्हायचं, मग मुंबईच्या एजंटचं पत्र यायचं आणि पुन्हा बॅग भरायची. त्या खेपेला दिवाळीच्या तोंडावर आले आणि म्हणाले, "आता पुरे झालं. स्पीकरच्या पेट्या करून विकायच्या. जमलं तर बोटीला रामराम."

हे ऐकून मी काय केलं असेल? देवापुढे साखर ठेवली. पातेलं गेलं खड्ड्यात, म्हटलं, माणूस तरी घरात राहील.

पेट्या फणसाच्या लाकडाच्या. ह्यांच्या हातात कसब होतं, ते कबूल करायलाच हवं. कोपऱ्याचा सांधा असा बसवायचे की नख फिरवलं तरी लागायचं नाही. वर पॉलिशचे सात-आठ हात. पण सगळं पडवीत. त्यामुळे पिवळा भुसा तांदळात, पिवळा भुसा अंथरुणात. पेटीच्या आत भरायला सावरीचा कापूस आणलेला, तो उडून आमटीत. एकदा शाळेत मोठ्या बाईंनी माझ्या अंबाड्यातून कापूस काढून हातावर ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

ह्या सगळ्यावर कळस म्हणजे तो रिबन ट्विटर. ट्विटर म्हणजे बारीक, उंच आवाजाचा छोटा स्पीकर. बाजारात मिळतो, पण तो ह्यांना नको. ह्यांना घरी केलेला हवा. दोन लोहचुंबकांच्या मधे चंदेरी पन्नीची बोटभर पट्टी टांगायची, ती थरथरली की आवाज येतो. चुंबकं बोटीवरच्या भंगारातली. माझ्या केसांतल्या पिना, सुया, एकदा तर अख्खी विळी तिथे जाऊन चिकटलेली. पन्नी सिगारेटच्या पाकिटांतली. पाकिटं कुणाकुणाची गोळा केलेली, ती माझ्या वाडग्यात पाण्यात भिजत ठेवायची, म्हणजे कागद सुटतो. त्या तंबाखूच्या पिवळ्या पाण्यात बोटं बुचकळून माझा नवरा तासन्‌तास बसलेला. शी! आठवलं की अजून मळमळतं. मग ती पट्टी दोन दातेरी चाकांमधून फिरवून तिला बारीक चुण्या पाडायच्या. इतकी नाजूक की कुणी शिंकलं तरी फाटायची. आमच्या घरात पंधरा दिवस शिंकायची चोरी होती.

आणि एवढं करून आवाज कसा? कानात सुया खुपसल्यासारखा. भजनाची कॅसेट लावली की बुवा राहिले बाजूला, टाळ तेवढे डोक्यात शिरायचे. शेजारचा बोका आमच्या कुंपणाच्या गडग्यावर ऊन खात बसायचा, त्याने गडगा सोडला. पण ह्यांचं एकच पालुपद, "वरचा आवाज येत नाहीये गो. लहानपणी देवळात टाळ कसे लख्ख ऐकू यायचे! ते येत नाहीत." की अजून एक ट्विटर. पहिल्या पेटीला एक होता, मग दोन झाले, मग तीन. गुहागरचा एक बागायतदार घरातल्या लग्नासाठी पेट्या घ्यायला आला होता. लाकडावरून हात फिरवून खूश झाला, दोन मिनिटं आवाज ऐकला, कोकम सरबत प्यायला आणि "कळवतो" म्हणून उठला. पायरीवर मला हळूच म्हणाला, "ताई, तुमचं डोकं नाही का दुखत?" मी नुसती हसले. कळवलं काही नाहीच त्याने.

तरी दर रविवारी सकाळी तिघे जण पेट्या ऐकायला हजर. एक लाकडाच्या वखारीचा मालक, एक ड्रॉइंगचे मास्तर आणि एक पोस्टातला. पाटावर बसायचे, डोळे मिटायचे, माना डोलवायचे. "वा! काय ट्रेबल आहे! मुंबईत असा आवाज नाही." मी आत पोहे परतत विचार करायची, माझेच कान बिघडले असतील. तीन शिकलेसवरलेले पुरुष खोटं कशाला बोलतील?

शिमगा झाला आणि एजंटचं पत्र आलं. महिनाअखेर बोटीवर हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, कोनाड्यात ठेवलं. रोज कोनाड्यापुढून जाताना पत्र तिथेच आहे ना, ते मी हात लावून बघायची.

त्याच आठवड्यातला शनिवार. सकाळची शाळा, मी बाराच्या सुमारास घरी येत होते. घराकडच्या पाणंदीतच दातांवर दात घासले गेले. टाळ. नुसते टाळ, बाकी काही नाही. बुवा नाहीत, मृदंग नाही, चिंचिंचिंचिं, तापलेल्या तारेसारखं. धावत आले तर हे पडवीत मांडी घालून बसलेले. मोठे स्पीकर सोडवून ठेवलेले, एकटा ट्विटर टेपला जोडलेला, आणि त्याला कान चिकटवलेला.

"आलीस? ही पट्टी पण गेली बघ," हे म्हणाले. "सकाळपासून मुकी आहे."

मी पिशवी हातात घेऊन उभी. कानाशी एवढा कल्लोळ चाललाय आणि हा माणूस मला सांगतोय की मुकी आहे. मला आधी वाटलं, थट्टा करतात. मग त्यांचा चेहरा बघितला. त्यांनी चिमटा घेतला आणि ती चांगली, वाजती पट्टी ओढून काढली. आवाज थांबला. मला थांबलेला कळला, त्यांना नाही. पट्टीची गोळी करून अंगणात फेकली आणि वाडग्यातली दुसरी घेतली.

मी स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढे बसून राहिले. इंजिनने कान खाल्ले होते माणसाचे; समोरचं, जवळचं बोलणं तेवढं कळायचं, बारीक आवाज येतच नव्हते. किती वर्षं मी पाठमोरी हाका मारल्या आणि ओ आली नाही म्हणून शिव्या घातल्या! मला वाटायचं, परदेश बघून आलेत, आता मास्तरणीचं कशाला ऐकतील. सांगावं तर सगळं संपतं. पेट्या बंद, आणि परत त्याच इंजिनात. मी सांगितलं नाही. उद्या सांगेन म्हटलं.

उद्या म्हणजे रविवार. तिघे आले, पोहे झाले, पेट्या लागल्या. मग "जरा पाय मोकळे करतो" म्हणून तिघेही बेड्याशी, म्हणजे अंगणाच्या फाटकाशी, विड्या ओढायला गेले. मी मागच्या बाजूने वाळलेले कपडे काढत होते, मधे फक्त जास्वंदीचं कुंपण. वखारवाला दोन्ही कानांत बोटं घालून नाचून दाखवत होता.

"सळई जाते रे डोक्यात! आणि ह्याला पत्ता नाही. ठार बहिरा झालाय."

"सांगा की मग त्याला," मास्तर म्हणाले.

"कशाला? रविवार बरा जातो. पोहे बरे असतात. आणि फळ्या माझ्याकडनंच नेतो."

तिघे हसले. पोस्टातला तर ठसका लागेपर्यंत हसला. मग विड्या विझवल्या, तोंडं पुसली आणि आत जाऊन उरलेल्या पोह्यांच्या बशा हातात घेऊन, डोळे मिटून बसले. "वा! क्या बात है!"

मला भडभडून आलं. रडू नव्हे, ओकारी. माझ्या हातचं खाल्लेलं त्यांच्या पोटात आहे ह्याचीच शिसारी आली. कपडे तिथेच टाकले आणि पडवीच्या दारात जाऊन उभी राहिले. टेप पूर्ण मोठा होता, हे पेटीच्या मागे वाकून तारा बघत होते.

"अरे मुडद्यांनो," मी ओरडले, "ऐकू येत नाही ह्यांना, कान गेलेत ह्यांचे, तुम्हाला ठाऊक आहे आणि वा वा करता? बाहेर जाऊन दात काढता? लाज नाही वाटत? घास कसा उतरतो रे घशाखाली?"

पोस्टातल्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. मास्तरांनी मान खाली घातली. हे पेटीमागून उठले, कपाळाला भुसा लागलेला. टेप बारीक केला.

"काय गो? काय म्हणालीस?"

मी तोंड उघडलं, पण पहिल्यांदा संतापात निघालेलं दुसऱ्यांदा निघेना. तेवढ्यात वखारवाल्याने बशी खाली ठेवली, बोटं धोतराला पुसली आणि ह्यांच्या अगदी समोर येऊन, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "वहिनी म्हणतात, असा सुंदर आवाज उभ्या रत्नागिरीत ऐकला नाही!"

हे माझ्याकडे बघायला लागले. पाच महिन्यांत मी त्या पेट्यांबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. सरस, भुसा, पन्नी, सगळ्यावरून तोंड सोडलं होतं. लहान मुलासारखं तोंड झालं त्यांचं.

"खरंच?" त्यांनी विचारलं.

वखारवाला माझ्याकडे बघत होता. गालात हसत नव्हता, नुसता थांबला होता मेला, मी काय करते ते बघत.

मी मान हलवली. हो म्हणून.

मग आत गेले आणि त्या तिघांना आणखी पोहे आणून वाढले. होय, वाढले. ह्याच हातांनी.

सोमवारी सकाळी शाळेला निघाले तर हे पायरीवर पाकीट घेऊन उभे. डिंक अजून ओला होता. एजंटला लिहिलं होतं, येत नाही, जागा दुसऱ्याला द्या.

"तू म्हणालीस म्हणून लिहिलं हं," हे म्हणाले. "त्या तिघांचं काय, ते कशालाही वा म्हणतात. तू खोटं बोलणार नाहीस."

मी पाकीट घेतलं. शाळेपर्यंत वाट चांगली पंधरा मिनिटांची. वाटेत फाडता आलं असतं, परत फिरता आलं असतं. मला माणूस घरात हवा होता. नाक्यावरच्या टपालाच्या पेटीत पाकीट टाकलं, वर्गात गेले आणि हजेरी घ्यायला बसले. तोंडाला कडू पाणी सुटत होतं, आणि त्या वेळी किळस आली होती ती त्या तिघांची नव्हे.