जाकडावरची जीप

बाबांना एकच परीक्षा घेता येत होती, बैलाची. माणूस असो, जावई असो नाहीतर मोटारगाडी, तो आधी मागून उभा कसा राहतो ते पाहायचं, मग कामाला जुंपून पाहायचं, आणि मगच तोंडातून हो किंवा नाही काढायचं. माझ्यासाठी आलेली दोन स्थळं त्यांनी अशीच नापास केली होती आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. पण त्यांनी जीपची परीक्षा घेतली तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

लढाई संपून थोडाच काळ लोटला होता. कल्याणजवळच्या लष्करी छावण्या रिकाम्या होत होत्या. तिथले तंबू, पत्रे, दोरखंड आणि मोटारी लिलावात निघून व्यापाऱ्यांच्या वखारींत येऊन पडत होत्या. आमचं गाव डोंबिवलीहून शीळफाट्याकडे जाताना सडकेपासून आत, आणि आत म्हणजे चांगलंच आत. भातखाचरांचे बांध ओलांडायचे, एक ओढा उतरून चढायचा, तेव्हा कुठे सडक दिसे. भाताची गोणी असो की पेंढ्याची गाडी, बाजारात जायचं तर आधी बैलांची ही कसरत होई. बैल थकले होते, बाबाही थकले होते, पण हे दोघांपैकी कोणीच कबूल करत नव्हतं.

दादा, माझा मोठा भाऊ, लढाईत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर जीप चालवायचा. तो धडधाकट परत आला, पण घरात काही रमेना. नांगराला हात लावायचा, दोन फेरे घालायचा आणि बांधावर जाऊन बसायचा. विचारलं की म्हणायचा, "काय नाय." त्याच्या पलटणीतल्या एका मित्राने मुंबईत टॅक्सीवर त्याची सोय लावून ठेवली होती. शेवटी एक दिवस दादाने सरळ सांगितलं, की छावणीतली जीप घरी घेतली तर तो शेती आणि वाहतूक दोन्ही बघेल, नाहीतर शिमग्याआधी मुंबई. दादा फार बोलत नसे, त्यामुळे बोललेलं फिरवतही नसे. मुंबईला गेलेली आमच्या गावची पोरं सणाला यायची, ओटीवर पाहुण्यासारखी बसायची आणि चहा पिऊन परत जायची, हे आईने पाहिलेलं होतं.

आम्ही तिघं कल्याणला गेलो. मी सातवी पास, म्हणून कागद वाचायला. व्यापाऱ्याने वखारीमागच्या चार-पाच जीपांपैकी एक पुढे काढली. शेवाळी रंगाची, वरचं कापड फाटलेलं, डाव्या हाताला स्टिअरिंगचं चाक, मागे जोडायची दोनचाकी ट्रॉली. दादाने आधी इंजिनाच्या टपावर तळहात टेकवला. ते गार होतं, तेव्हा त्याला बरं वाटलं, कारण लबाड व्यापारी गिऱ्हाईक यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे एका फटक्यात सुरू होतं. मग तो सदरा काढून जीपखाली शिरला. चौकटीला कुठे तडा आहे का, कुठे जोड दिलाय का, हे त्याने बोटं फिरवून पाहिलं. पुढच्या चाकांचे सांधे हलवले. तेल दोन बोटांत चोळून हुंगलं. इतक्या महिन्यांत मी त्याला कशातही एवढा गुंतलेला पाहिला नव्हता.

बाबा तोवर जीपभोवती हात मागे बांधून फिरत होते. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. मागे जाऊन एक डोळा मिटून ती सरळ उभी आहे का ते पाहिलं. टायर खुरांसारखे दाबले. मग व्यापाऱ्याला विचारलं, "वय कं हिचा?"

"शेठ, लढाईतली आहे. जास्त चाललेली नाय."

"कोनाच्या घरची?"

"अमेरिकेची."

"मंग ईकली कंला?"

व्यापारी क्षणभर गोंधळला. "लढाई खतम झाली ना, शेठ."

हे मात्र बाबांना पटलं. काम संपलं म्हणून विकलेलं जनावर आणि खोड आहे म्हणून विकलेलं जनावर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ते दादाकडे वळून म्हणाले, "जाकडावर नेऊ."

जाकडावर म्हणजे न पटल्यास परत करायच्या बोलीवर. आमच्याकडे बैल असाच आणत. पुढच्या बाजारापर्यंत तो खळ्यावर बांधायचा, वैरण-पाणी करायचं, कामाला जुंपून बघायचं. पण तोवर त्याला कुंकू लावायचं नाही, ओवाळायचं नाही. एकदा घरच्या बाईने ओवाळलं की तो घरचा झाला. मग तो लंगडा निघो की मारका, परत करायचा नाही. व्यापारी बाबांना ओळखत होता, त्याने मान डोलावली.

दादा जीप घेऊन ओढ्यातून, बांधांवरून, कुठेही न अडकता घरापर्यंत आला. बाबा पुढे होते. मी मागे रिकाम्या गोण्यांवर बसले होते आणि माझी हाडं खिळखिळी झाली होती. पण त्याने ती खळ्यावर न थांबवता थेट अंगणात घातली. आई दिवा लावलेलं ताम्हण घेऊन ओटीवरून खाली आली. मी आधीच उडी मारून ओटीशी गेले होते, तिथून मला तिची फक्त पाठ दिसत होती. ताम्हण फिरलं, पाणी सांडल्याचा आवाज आला, तिने भाकरीचा तुकडा उतरवून लांब फेकला. आणि ओटीवरून आत्या कडाडली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घरातल्या रीतीभातींवर तिचा पोलिसासारखा पहारा असे.

"अगो, जाकडाची गारी ओवालतस? पटली नाय तं परत कशी धारशील?"

आई ताम्हण घेऊन आत गेली. बाबा जीपच्या बाजूने येऊन पाय धुवायला गेले. मला वाटलं, आनंदाच्या भरात आई रीत विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. बैलाची ताकद बघायची तर गाडी माणसांनी भरायची, चाकं दोराने आवळून बांधायची, म्हणजे ती फिरणार नाहीत, नुसती घासत येतील. मग बैल जुंपायचा. जोर लावून ओढली तर पास. ओढता ओढता खाली बसला तर तो बसका बैल, आणि बसका बैल फुकटही कोणी घेत नाही. बाबांनी आमची बैलगाडी साखळीने जीपला बांधली. गावातली जाडजूड माणसं निवडून आत बसवली. त्यात आमची एक काकू होती, तिला निवडल्याचा राग आला होता, पण ती बसली. मीही बसले.

दादाने जीप सुरू केली. मागची चाकं जागच्या जागी गरगरली, धूळ उडाली, खळ्याला दोन खड्डे पडले, इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडलं.

काकू गाडीतून उतरायला निघाली.

दादाने शांतपणे पायाजवळची लहान दांडी खेचली, पुन्हा सुरू केली, आणि या वेळी जीप पुढच्या चाकांनीही माती धरून अशी निघाली की काकू किंचाळली. बांधलेली चाकं घासत, खळ्याला ओरखडे काढत, आम्ही सगळे थेट खाचरात गेलो. माणसं ओरडायला लागली. मी तर टाळ्याच पिटल्या.

बाबा जागचे हलले नव्हते. "बसली," ते म्हणाले.

दादा खाली उतरला. "बाबा, पुरची चाकं जोरली नव्हती. कठीन जमिनीवं ती जोरत नाय, खालचा सांधा तुटतो. मना वाटला, मागच्याच चाकांवं निघंल."

"बैल एकदा बसला तं बसला."

"ती बैल नाय, बाबा."

"मंग कं हाय?"

दादाने साखळी सोडली, ती नीट गुंडाळून ट्रॉलीत ठेवली, घरात गेला आणि माळ्यावरची आपली लष्करी ट्रंक खाली काढली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ट्रंकेकडे पाहत राहिली आणि मग चुलीपुढे जाऊन बसली, चूल विझलेली असताना.

मी बाबांशी भांडले. माझ्या वयाच्या मुलीने बापाशी जेवढं भांडू नये तेवढं भांडले. म्हटलं, तुम्ही बैलाला जीव लावता आणि पोराला बाजारात सोडता. म्हटलं, दुसऱ्यांदा ओढली ती काय भुताने ओढली? त्यांनी मला एका शब्दानेही थांबवलं नाही. नुसती विडी पेटवली आणि म्हणाले, "बाजाराचे दिशी व्यापाऱ्याला बोलवा. गारी परत." मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या ताटात मीठ वाढायचंही मी मुद्दाम टाळलं. ते तसंच जेवले.

बाजाराच्या दिवशी व्यापारी आला. सोबत जीप न्यायला एक ड्रायव्हर आणला होता. दादाची ट्रंक ओटीवर बांधून तयार होती, त्याच जीपने तो कल्याण स्टेशनपर्यंत जाणार होता. ड्रायव्हर जीपमध्ये चढला, आणि आत्या ओटीच्या पायऱ्या उतरून, गुडघे धरत, जीपच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"ओवाललेला जनावर दारातशी काढतस?" ती बाबांना म्हणाली. "आपल्या बापासनं कवा केला व्हता असा? बायकोनं चूक केली तं केली, आथा ती निस्तरायची. घरान अवदसा आनायची हाय कं तुला?"

आम्ही सगळे बाबांकडे पाहत होतो. बाबा जमिनीकडे पाहत होते. रीतीपुढे त्यांचं काही चालत नसे, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते हट्टी होते, हेही माहीत होतं.

"मंग कं," ते शेवटी म्हणाले, "ठेवाला लागंल."

व्यापाऱ्याने खांद्यावरचा पंचा काढला. दोघांनी पंच्याखाली हात घालून, बैलाच्या बाजारात करतात तशी, बोटं दाबून किंमत ठरवली. दादा ट्रंकेजवळ उभा होता. त्याने ट्रंकेचा दोर सोडायला घेतला, पण घट्ट मारलेली गाठ सुटेना, तेव्हा मी विळी आणून कापला. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच खाली बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. आत्या मला म्हणाली, "दात नको कारू, चा ठेव."

त्याच दुपारी दादाने ट्रॉलीत भाताच्या गोण्या भरल्या आणि बाबा त्याच्या शेजारी जाऊन बसले, न बोलावता. ओढ्याच्या चढणीवर बैल नेहमी थांबायचे. जीप थांबली नाही. आम्ही बायका बांधावर उभ्या राहून पाहत होतो. दादा काहीतरी सांगत होता, बाबांनी ती लहान दांडी हाताने चाचपून पाहिली, आणि ते पलीकडे दिसेनासे झाले. मग आवाजही ऐकू येईनासा झाला. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटत होतं.

घरी येताना मी आईला चिडवलं. "बरं झालं, रीत विसरलीस ते. तुझ्या चुकीनं दादा राहिला."

"कंची चूक?"

"जीप ओवाळलीस ती."

आई चालता चालता थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. "मी गारी कवा ओवालली? मी माज्ये पोराला ओवालला. तो लराईशी आला तवा आमी समदी लावनीला शेतान. घरान कोनी नाय. त्यानं मरक्यातला पानी घेतला, प्याला आनि झोपला. कोनी त्याच्या पायावं पानी नाय घातला, भाकर नाय उतरली. तो घरान आला, पन त्याला घरान कोनी घेतलाच नाय. मंग तो कसा राहल?" तिने पदराने तोंड पुसलं. "त्या दिशी गारीनशी उतराला त्यानं पाय खाली टाकला, तवा मना वाटला, आथा घेऊ."

मी म्हटलं, "मग आत्याला सांगायचं ना. बाबांना तरी सांगायचं. ते बिचारे रीत म्हणून गप्प बसले."

"तुज्या बापासला कं सांगाचा? वारा सुटला व्हता, दिवा ईजाला बगत व्हता. तो गारीच्या तिकरशी आला आनि दिव्याला हात आरवा धरला. मी कोनाला ओवालतंय ता त्यानंच बघितला."

"बघितलं? मग आत्यापुढे बोलले का नाहीत?"

आई पुन्हा चालायला लागली. "तुला कं वाटला," ती मागे न बघता म्हणाली, "त्याला कं पोर नको व्हता?"

बाबांवरचा तो राग आता कुठे ठेवावा हे मला समजेना. पण मन इतकं हलकं झालं होतं की घरापर्यंतचे सगळे बांध मी लहानपणीसारखी उड्या मारत ओलांडले, आणि आई मागून ओरडत राहिली की पडशील.