नाखव्याच्या हातात दिलेला दोर

पाण्याखाली माणसाला बोलता येत नाही, म्हणून मला ते आवडतं, असं मी सगळ्यांना सांगायचो. थाप होती. गिरणी बंद पडल्यावर आईवडील गावी निघून गेले आणि अंधेरीच्या खोलीत मी एकटा उरलो. दिवसभर साकीनाक्याच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायची, संध्याकाळी खाणावळीत जेवायचं, घरी येऊन कुलूप उघडायचं. ‘काय रे, बरा आहेस ना?’ म्हणून विचारायला कुत्रंही नव्हतं. पाण्याखाली मात्र नियमच होता. दर दोन मिनिटांनी जोडीदाराने आपल्याकडे बघायचं, अंगठा आणि तर्जनी जुळवून विचारायचं, ठीक? आपणही तशीच बोटं जुळवून सांगायचं, ठीक. अख्ख्या आठवड्यात माझी चौकशी व्हायची ती तेवढीच. हसायचं तर हसा.

शिकवणारे सर नौदलातून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी उपनगरातल्या एका तरण तलावावर ते आम्हा चौघांना स्कूबा शिकवायचे. सिलिंडर जुनेपुराणे, मास्कचं रबर चिकट झालेलं, पण शिस्त अशी की घाम फुटावा. अठरा मीटर ही आमची हद्द, त्याखाली वीतभरही जायचं नाही. एकट्याने उतरायचं नाही. आणि मन कचरलं तर सरळ ‘नाही’ म्हणायचं. कारण द्यायचं नाही, जोडीदाराने ते विचारायचंही नाही. “एकाचं नाही, ते दोघांचं नाही,” हे सर इतक्यांदा म्हणायचे की आम्ही त्यांची नक्कल करायचो.

माझा जोडीदार घाटकोपरचा, बँकेत कारकून. बोलायला लागला की थांबायचा नाही. मुंबईत माझा मित्र म्हणावा असा तो एकच. त्याच्याकडे जेवायला गेलो की त्याची आई निघताना डब्यात कालवण भरून द्यायची. सरांबरोबर दोनदा मालवणच्या समुद्रात उतरलो होतो, तेवढ्यावर त्याला पंख फुटले होते.

वर्सोव्याच्या एका नाखव्याशी, म्हणजे होडीच्या मालकाशी, त्याची ओळख होती. नाखव्याचं नवंकोरं जाळं समुद्रात बुडालेल्या कसल्यातरी सांगाड्यात अडकलं होतं. “आपण सोडवून देऊ,” हा पठ्ठ्या सांगून मोकळा. मला नंतर कळवलं. “अरे, आयुष्यभर काय बँकेचे कागदच चाळू? कुणाच्या तरी कामी येऊ ना, यार!” सरांना अर्थातच काही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो माझ्यावर रुसला असता, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

हिवाळ्यातला रविवार होता. अडीच तास होडी चालली, किनारा दिसेनासा झाला. नाखव्याने शिसं बांधलेली दोरी खाली सोडली आणि वर घेताना दोन्ही हात पसरत ती मोजली. “चौदा वाव हाय,” म्हणाला. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांइतकं अंतर. मी मनात हिशेब केला. पंचवीस मीटर.

पाठीवर सिलिंडर चढवलेला होता. मी म्हटलं, “नाही. मी उतरणार नाही.”

“काय झालं?”

“विचारायचं नसतं.”

“अरे, जरा खोल आहे, एवढंच. पटकन जाऊन येऊ.”

“आपली हद्द अठराची. वर तुला सर्दी आहे, सकाळपासून नाक ओढतोयस. एकाचं नाही ते दोघांचं नाही.”

“भित्री भागूबाई,” तो हसत म्हणाला. नाखव्यासमोर म्हणाला. नेहमीचीच चेष्टा होती ती, पण त्या दिवशी माझं टाळकं सटकलं. मी अडून बसायला हवं होतं. त्याच्या सिलिंडरची हवा सोडून दिली असती, नाखव्याला होडी वळव म्हटलं असतं, तर प्रश्नच मिटला असता. मी काय म्हटलं? म्हटलं, “जा, मर!”

कमरेला दोर बांधून तो काठावर बसला. म्हणाला, “दोर तू नाही धरणार, तर नाखव्याला निदान खुणा सांग.” खुणा साध्या होत्या. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोड. चार म्हणजे वर घे. मी “हं” म्हटलं. दोर नाखव्याच्या हातात दिला आणि पुढे होडीच्या टोकाला, नाळेशी जाऊन पाठ फिरवून बसलो. खुणांचा एक शब्दही बोललो नाही. दहा सेकंदांचं काम होतं. तोंड फुगवून बसलो होतो ना!

चार मिनिटं झाली असतील. मागे ओला दोर फळ्यांवर सटासट पडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर नाखवा होडीच्या काठाला पाय लावून, दात आवळून, दोन्ही हातांनी दोर ओढतोय. खालून एक झटका आला होता. ठीक आहे, एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण ज्याचा जन्म जाळं ओढण्यात गेला, त्याच्या हाताला दोर हलला की एकच गोष्ट कळते. मी ओरडलो, “अरे सोड, सोड!” तोवर जोडीदार वर आला होता. नाकातून, कानातून रक्त येत होतं. आत घेतल्यावर तो आडवाच पडला आणि ओकत राहिला. होडी फिरतेय, होडी थांबवा, म्हणत होता. होडी तर थांबलेलीच होती.

जीव वाचला. खाली थोडाच वेळ होता, आणि वर येताना त्याने श्वास कोंडला नाही, म्हणून वाचला, असं सर म्हणाले. डावा कान मात्र गेला. सर्दीने कान कोंदलेला, त्यात एकदम वर ओढला गेला, म्हणून आतूनच फाटलं होतं काहीतरी. डॉक्टरांनी परत ऐकू येण्याची आशा ठेवू नका म्हणून सांगितलं.

सर हॉस्पिटलात आले तेव्हा आम्हा दोघांची सालटी काढली. यापुढे दोघांनाही पाणी बंद. मग त्यांनी विचारलं, “दोर धरणाऱ्याला खुणा सांगितल्या होत्या?”

खाटेवरून तोच म्हणाला, “हो सर. याने सांगितल्या होत्या.”

नाखवा दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, मग फरशीकडे. तो हात जोडून म्हणाला, “सांगितला असंल. माजाच ध्यान नव्हता. दोर हाल्ला न मी खेचला.” सर त्याला काहीबाही बोलले. त्याने ऐकून घेतलं. मीही ऐकून घेतलं.

महिन्याभराने घाटकोपरला गेलो. सबंध बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. त्याच्या बिल्डिंगखालच्या बाकावर आम्ही बसलो. मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला बसलो, हे आता कबूल करतो. तो सांगत होता, “तो म्हातारा दर आठवड्याला येतो रे, सुके बोंबील घेऊन. तोंड पाडून बसतो. मी म्हणतो, जाऊ दे नाखवा, होतं असं. पण पटतच नाही त्याला. परवा तर रडला.”

समोर बघत, हळू आवाजात मी सगळं बोललो. नाखव्याला मी काहीच सांगितलं नव्हतं. रागात होतो. चूक माझी आहे, त्याची नाही. सगळं, अगदी ‘जा, मर’पर्यंत.

तो उठला, मला वळसा घालून माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला आणि उजवा कान माझ्याकडे करून म्हणाला, “या बाजूने ऐकू येतं. आता बोल.”

त्याने ऐकलं होतं की नाही, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“काही नाही रे,” म्हटलं. “बस चुकेल, निघतो.”

“पुढच्या रविवारी येशील ना? आई विचारते सारखी.”

“येतो की.”

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नाखवा जात राहिला असेल.