साकेच्या पेल्यात पाणी

कोबेचा किनारा सकाळी दिसला तेव्हा मी कठड्याला रेलून उभा होतो. पहिल्याने वाटले ते असे, की आगबोट रात्रीतून मागे फिरली की काय! काठाशी गाव आणि गावाच्या पाठीला लागूनच डोंगर. सारा थाट रत्नागिरीचा. फरक एवढाच की हा डोंगर गर्द झाडीचा, आणि आपल्याकडे तांबडा कातळ. मुंबई सोडल्याला तीन आठवडे उलटले होते. जमीन दिसल्यावर आनंद व्हायला हवा होता, पण मला उतरायचीच धास्ती वाटत होती.

त्याचे कारण सांगतो. मुंबईत एका जपानी पेढीत मी कापूस पारखायला होतो. रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून ओढायचा, तंतूंची लांबी आणि बळ बघायचे आणि गाठीची प्रत सांगायची, हे माझे काम. ओसाकाच्या मुख्य कचेरीत हिंदुस्थानी कापसाचा जाणकार दोन वर्षांसाठी हवा होता म्हणून मला धाडले. निघताना एका जुन्या दलालाने बाजूला घेऊन सांगितले होते, “ते लोक कापूस दिवसा पारखतात आणि माणूस संध्याकाळी, पेल्यावर.”

इकडे रत्नागिरीत आईने मला ग्रामदेवीपुढे उभे करून शपथ घ्यायला लावली होती. माझे वडील दारूपायी गेले. ती म्हणाली होती, “बाप गेला तो गेला. तू त्या दारूला शिवलास, तर मला तोंड दाखवू नकोस हो, सांगून ठेवत्ये.” आई बोलते ते करते, हे आमच्या वाडीत कुणालाही विचारा.

ओसाका म्हणजे कालवे, पूल आणि गिरण्यांची धुराडी. कचेरीत उत्तरेच्या खिडकीशी लांबलचक टेबल होते. माझ्या शेजारी ओनो नावाचा तिशीतला पारखी बसे. तो दोन वर्षे मुंबईच्या शाखेत काढून आला होता. त्यामुळे आम्ही दोघे बाजारी हिंदुस्थानीत बोलायचो आणि बाकीची कचेरी आमच्याकडे संशयाने बघायची. माझी पहिली काळजी जेवणाची. ती त्यानेच मिटवली. भात, कढण आणि वाळवून भाजलेला मासा समोर आला तेव्हा मी म्हटले, “हे तर आमचं पावसाळ्यातलं जेवण.” तो म्हणाला, “मग रडतोस कशाला, सुर्वे? जेव.” मी रडत नव्हतो. त्यांच्या हिरव्या तिखटाचा एक गोळा चटणी समजून तोंडात टाकला होता.

आठव्या दिवशी माझ्या स्वागताची मेजवानी झाली. तातामीवर (गवताच्या जाड चटयांवर) दोन रांगा, प्रत्येकापुढे एक बुटक्या पायांचे ताट आणि बोटभर उंचीचा पेला. त्यात साके (तांदळाची ऊन दारू). तिथली रीत अशी की स्वतःचा पेला स्वतः भरायचा नाही, दुसऱ्याने भरायचा. मान द्यायचा असला म्हणजे माणूस आपला पेला रिकामा करतो, वाडग्यातल्या पाण्यात विसळतो आणि तोच तुमच्या हातात देऊन भरतो. तुम्ही तो पिऊन टाकायचा आणि तसाच परत द्यायचा. म्हणजे दारू तर दारू, वर उष्टे! आमचे खातेप्रमुख मोरिता यांनी आपला पेला माझ्यापुढे धरला.

मी नको म्हणून मान हलवली. मोरितांचा हात तसाच राहिला. तेवढ्यात शेजारून ओनोने तो पेला उचलला, घशात रिकामा केला आणि जपानीत म्हणाला (मला ते मागून कळले), “आम्ही एका टेबलावर बसतो. दोघांत पोट एकच.” लोक हसले. मोरिता हसले नाहीत.

“मोरिता का रागावले?” मी नंतर ओनोला विचारले.

“हिंदुस्थानात काही लोक दुसऱ्याच्या भांड्याला शिवत नाहीत, असं त्यांनी ऐकलंय. तू त्यांना हलकं समजतोस, असं त्यांना वाटलं.”

हे ऐकून मला झोंबले. मी शपथेची गोष्ट त्याला सांगितली, मोरितांना सांगायचा मात्र धीर झाला नाही. आपला बाप दारूने मेला हे परक्या साहेबाला कोण सांगणार? पुढे दीड वर्ष ओनो प्रत्येक मेजवानीत माझ्या डाव्या हाताला बसला आणि माझ्या वाटची प्याला. दुसऱ्या दिवशी डोके धरून कामावर यायचा आणि म्हणायचा, “तुझ्या शपथेने माझं यकृत खाल्लं.” मी त्याच्या घरी जाऊ लागलो. त्याची बायको कमी बोलायची. तीन वर्षांची मुलगी मात्र माझ्या खांद्यावरून उतरत नसे.

मांचुरियात लढाई चालू होती. एका सकाळी ओनो टेबलाशी आला, रुईचा पुंजका हातात घेतला आणि न ओढताच खाली ठेवला. “बोलावणं आलंय,” तो म्हणाला. कचेरीतल्या सर्वांनी उठून त्याचे अभिनंदन केले. तोही हसून वाकत होता. मी त्याच्या वाटचे नमुनेही पारखायला घेतले.

आठ दिवसांनी निरोपाची मेजवानी झाली. या वेळी ओनो वर, मानाच्या जागी आणि मी खाली, दाराशी. माझ्या डाव्या हाताला कुणी नव्हते. ओनो आपला पेला घेऊन गुडघ्यांवर सरकत एकेकापुढे येत होता. प्रत्येकजण पीत होता, परत भरून देत होता. मी मोजत होतो. सहाजण राहिले, चारजण राहिले. ओठाला लावून सोंग करावे, असेही मनात आले. दुसऱ्या कुणापुढे केलेही असते. ओनोपुढे कसे करायचे? त्याचा पेला परत केला तर तो लढाईवर जाताना मी त्याला झिडकारल्यासारखे होणार, आणि मोरिता समोरून बघत होते.

ओनो माझ्यापुढे बसला. रिकामा पेला दोन्ही हातांनी पुढे केला. हळूच हिंदुस्थानीत म्हणाला, “आज तुझ्या वाटची प्यायला कुणी नाही रे.”

तेव्हा मला एकदम वाट सापडली असे वाटले. पेला त्याचा उष्टा आहे, मी तो ओठाला लावीन. म्हणजे मी त्याला हलका समजत नाही हे सगळ्यांना दिसेल. आत मात्र पाणी असेल, म्हणजे आईची शपथही राहील. मी पेला घेतला आणि वाढणाऱ्या बाईकडे पाणी मागितले. तिने किटली आणली, पण माझ्या हाती देताना घुटमळली. मी पेला भरला, सगळ्यांना दिसेल असा उंच धरून पाणी प्यालो. मग तोच पेला पाण्याने भरून ओनोला दिला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

ओनोच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. तो पेल्यात बघत राहिला. मोरिता अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. मग ओनोने तो दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मला वाकून नमस्कार केला, नेहमीपेक्षा खाली. कुणीतरी घाईने मोठ्याने गाणे सुरू केले.

जिन्यावर जोडे घालताना ताकेदा नावाचा म्हातारा कारकून माझ्याजवळ आला. “तुम्हांला कुणी सांगितलं नव्हतं?” तो म्हणाला. “ज्यांची पुन्हा गाठ पडायची नाही, ते आमच्यात पेल्यात पाणी घेऊन निरोप घेतात.”

मी पायरीवरच बसलो.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर क्षमा मागायला धावलो. निशाणे, जयघोष, बायका, पोरे. डब्यापर्यंत पोचताच येईना. खिडकीतून ओनोचे डोके दिसले. मी ओरडलो, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. गाडी सुटली.

त्यानंतर मला मेजवानीला कुणी बोलावले नाही. जे दीड वर्ष हवे होते ते मिळाले, आणि ते मला खायला उठले. मोरिता कामापुरते बोलत. डाव्या हाताला नवा पारखी बसला. चांगला माणूस, पण मी त्याच्याकडे वळून बघत नसे. रोज सकाळी कचेरीत शिरताना मी आधी सगळ्यांचे चेहरे बघायचो. माघ महिन्यात एका सकाळी ते चेहरे बघूनच मला ओनो गेल्याचे कळले.

ओनोच्या घरी जायला मला तीन दिवस लागले. दोनदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन परतलो. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनेच दारातून पाहिले आणि आत घेतले. मी डोके चटईला टेकले आणि येत होती तेवढ्या जपानीत म्हणालो, “मला ठाऊक नव्हतं.”

“तेही हेच म्हणाले,” ती म्हणाली. “घरी आले आणि हसून सांगितलं, सुर्वेने मला पाणी पाजलं, त्याला ठाऊक नव्हतं. मला तुमचा फार राग आला, सुर्वेसान.”

मी मान वर केली नाही.

“आठ दिवस घरात निशाणं होती, पाहुणे होते. सगळे हसत होते, मीही हसत होते. ते मरायला जाताहेत हे आम्ही एकमेकांशी बोललोच नव्हतो. त्या रात्री त्यांनी पेल्यात पाणी घेतलं आणि माझ्यापुढे येऊन बसले. मग बोललो. मुलीला कुठे शिकवायचं, सासऱ्यांचं कोण बघेल, मी पुन्हा लग्न करायचं की नाही. सगळं बोललो.” तिने माझ्यापुढे चहा सरकवला. “तुम्ही रीतीने वागला असता, तर ते राहून गेलं असतं.”

मी तिच्यापुढे लहान मुलासारखा रडलो. मुलगी येऊन माझ्या खांद्यावर चढली.

मुदत संपून चैत्रात रत्नागिरीला आलो. लोक विचारायला आले, त्या पिणाऱ्यांत दोन वर्षं कशी काढलीस? मी म्हणालो, काढली. मी शपथ पाळली म्हणून आईने देवीची ओटी भरली आणि घरोघर साखर वाटली. शपथ मी पाळली, हे खरेच. पण माझी दीड वर्षाची दारू कुणी प्याली, हे त्या साखरेबरोबर सांगायचे राहिले.

पंधरा दिवसांनी पुन्हा मुंबईला निघायचे होते. सामान बाहेर ठेवले, आईच्या पाया पडलो. आपल्यात ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘येतो’ म्हणायचे, तिने ‘ये हो’ म्हणायचे, आणि निघायचे. ‘येतो’ माझ्या तोंडात आले आणि तिथेच राहिले. मी ओटीच्या पायरीवर बसलो.

“आई, मी नाही आलो तर काय करायचं, ते बोलू या?”

“मेल्या, निघताना अभद्र बोलतोस?” ती कडाडली. मग गुडघ्यावर हात टेकून सावकाश माझ्याशेजारी बसली.

“बोल,” ती म्हणाली. “आणि मग माझं ऐक. मला पण सांगायचंय, मी नसले तर काय ते. कधीपासून मनात आहे.”

त्या दिवशीची आगबोट माझ्याशिवाय गेली.