नमस्कार करणारा कुत्रा

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. माझ्या नोकरीपुरता दोन्हींचा परिणाम एकच झाला, कुठलीच वस्तू वेळेवर मिळेना. औषधं मागितली की जुना जिल्हा म्हणायचा, आता तुमचं लातूर वेगळं, तिकडं मागा. लातूर म्हणायचं, साठा अजून आमच्याकडं वर्ग झालेला नाही. मी अहमदपूर तालुक्यात जनावरांचा सरकारी डॉक्टर होतो. मूळचा बिलोलीकडचा, बौद्ध घरातला, आमच्या घरातून नोकरीला लागलेला पहिलाच. डोकं लवकर तापायचं. पुष्कळ बदल्या झाल्या, पण त्यात काही फरक पडला नाही.

आमचा दवाखाना बैलांचा आणि म्हशींचा. बैलाला दुखलं तर सगळ्या घराला कळायचं. तो दात खातो, रवंथ सोडतो, वळूनवळून कुशीकडं बघतो. घरातली म्हातारी माणसंसुद्धा त्याच्यापाशी उभी राहून सांगायची, याच्या पोटात कळ हाय. कुत्र्यामांजराचं दुखणं मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. पिशवीत घालून कुणी मांजर आणलं तर बाकीचे हसायचे. एका मास्तरांच्या घरी मांजर दोन दिवस कणगीमागं बसून होतं. घुरघुरतंय म्हणजे मजेत आहे, असं घरच्यांना वाटत होतं. मांजर दुखण्यातसुद्धा घुरघुरतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याचे डोळे बारीक झालेले, अंग आखडून घेतलेलं, केस चाटणं सोडून दिलेलं. उचलायला गेलो तर कमरेचं हाड मोडलेलं निघालं.

शिकताना आम्हाला असंही सांगितलं गेलं होतं, की जनावराचं दुखणं पुरतं घालवू नये, दुखलं म्हणजे ते एका जागी पडून राहतं आणि लवकर बरं होतं. मला हे कधीच पटलं नाही. सांगणाऱ्याचा दात दुखायला लागला की तो मात्र गोळी घ्यायचा.

उदगीर रस्त्यावरच्या एका बाजाराच्या गावात गुरांची छावणी लागली होती. एका शनिवारी मी तिथं लसी टोचायला गेलो. जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. काम उरकून चहाला बसलो, तेव्हा हॉटेलवाल्यानं सांगितलं की गावातला एक कुत्रा महादेवाला नमस्कार करतो. पिंडीपुढं जातो, पुढचे पाय पसरतो, छाती जमिनीला टेकवतो आणि मागचं अंग वर ठेवून तसाच राहतो. सोमवारी पावसासाठी मोठा अभिषेक होता. तोवर कुत्र्याला देवळातच ठेवायचं असं ठरलं होतं. शेजारच्या वाड्यावस्त्यांवरनं माणसं बघायला येत होती.

मी चहा तसाच ठेवून उठलो. छाती खाली आणि मागचं अंग वर, असं कुत्रं दोन प्रसंगी करतं. एक खेळायला बोलावताना, पण तेव्हा शेपूट हलत असतं आणि पुढच्याच क्षणी ते उडी मारून पळतं. दुसरं, पोटात असह्य कळ असताना, पोटावरचा ताण जरा सैल व्हावा म्हणून.

देवळात गर्दी होती. मी पायऱ्यांच्या खाली उभा राहिलो. मला कुणी अडवलं नाही, आत या असंही कुणी म्हणालं नाही. कुत्रा सभामंडपाच्या थंड फरशीवर होता. तांबूस रंगाचा, चांगला पोसलेला, गळ्यात झेंडूची माळ. कान मागं पडलेले, जीभ बाहेर, श्वास उथळ. त्यानं पुढचे पाय पसरले, छाती टेकवली, आणि लोकांनी हात जोडले. मग तो कण्हत उठला, दोन पावलं चालला आणि पुन्हा तसाच झाला. लोकांनी पुन्हा हात जोडले. त्याच्यापुढं पुऱ्या, खोबरं आणि पेढे ठेवलेले होते. घरात फोडणीला तेल नव्हतं अशा दिवसांत माणसांनी त्याच्यासाठी पुऱ्या तळून आणल्या होत्या. मला रडू येऊ पाहत होतं आणि तितकाच रागही आला होता.

कुत्रा गावातल्या एका भुसार व्यापाऱ्याचा होता. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, बोलणं हळू. त्यांना मी बाजूला बोलावलं आणि हे सगळं सुरू होण्याआधी कुत्र्यानं काय खाल्लं होतं ते विचारलं. शेजारी बारशाचं जेवण झालं होतं. उरलेलं तुपातलं आणि तेलातलं त्यानं पोट फुटेस्तोवर खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पहिला नमस्कार केला. नंतर प्रसाद सुरू झाला. आधी तो खायचा, आता तोंड लावत नव्हता, लावलं तर ओकत होता. उपास धरलाय त्यानं, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

मी आप्पांना म्हणालो, हा नमस्कार नाही, याचं पोट दुखतंय, आणि तळलेल्या प्रसादानं ते वाढतंय. ते म्हणाले, तो पिंडीपुढंच करतो की. मी म्हणालो, फरशी थंड आहे म्हणून इथं येतो, त्याला देवळामागं न्या आणि बघा. त्यांनी त्याला उचलून मागं नेलं. सगळी गर्दी मागोमाग आली. तिथं गोवऱ्यांचा ढीग होता. कुत्रा जरा डगमगला, फिरला आणि गोवऱ्यांकडं तोंड करून खाली वाकला. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं.

पण अभिषेकाची तयारी बघणारे एक वयस्कर गृहस्थ पुढं आले आणि शांतपणे म्हणाले, देव काय फक्त पिंडीत असतो का, तो सगळीकडं आहे. सोमवार होऊ द्या, मग खुशाल न्या, असंही ते म्हणाले. तेव्हा माझा तोल गेला. सोमवारपर्यंत तुमच्या पोटात सुरी ठेवून बघू का, असं मी बोलून बसलो. कुणीतरी मागून पुटपुटलं, यांना देवाचं काय. ‘यांना’ म्हणजे कुणाला ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. आता मी जितकं बोलेन तितकं कुत्र्याच्याच अंगावर येणार होतं. तो असाच तिथं राहिला असता तर सोमवारपर्यंत टिकला नसता.

मी बोलणं थांबवलं. आप्पांचा हात धरला आणि कुत्र्याच्या पोटावर ठेवला. पोट फळीसारखं कडक होतं. हात लागताच त्याचं सगळं अंग थरथरलं. त्यानं मान वळवली आणि आप्पांचं मनगट दातांत धरलं. चावला नाही, नुसतं धरलं. मग सोडून तिथंच चाटू लागला. आप्पांनी त्याला पिल्लू असल्यापासून वाढवलं होतं, तो त्यांच्यावर कधी गुरगुरलासुद्धा नव्हता.

“म्हंजे इतके दिवस आमी ह्याच्या दुखण्याला हात जोडून राहिलो,” ते म्हणाले.

त्यांनी त्याच्या गळ्यातली माळ काढली, खांद्यावरच्या उपरण्यात त्याला गुंडाळलं आणि गर्दीतून वाट काढत निघाले. वयस्कर गृहस्थांनी त्यांना हाक मारली. आप्पा थांबले नाहीत. आयुष्यभर त्याच लोकांत दुकान चालवायचं होतं त्यांना, मी तर उद्या बदलून जाणारा माणूस. त्यांचं ते चालत जाणं मला आजही आठवतं.

दुकानात पोत्यांवर गोणपाट टाकून त्याला निजवलं. सलाईनची बाटली तराजूच्या आकड्याला टांगली आणि पुढच्या पायाची शीर धरली. दुखणं मारणारं इंजेक्शन आणि आतड्याची कळ सोडवणारं इंजेक्शन, दोन्ही माझ्या पेटीत अगदी थोडी उरली होती, बैलांसाठी राखलेली. ती वापरली. तोंडानं काही द्यायचं नाही, पाण्याचे दोन थेंबही माझ्या सांगण्याशिवाय नाहीत, असं आप्पांच्या पत्नीला बजावलं. तिनं सारं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, दुखायचं थांबलं हे आम्हाला कसं कळावं, तो तर बोलत नाही. मी सांगितलं, श्वास मंद होईल, कान सैल पडतील, पोटाला हात लावू देईल. आणि कुशीवर होऊन निजेल. दुखणारं कुत्रं नीट निजत नाही, ते उठबस करत राहतं.

आम्ही तिघं बसून राहिलो. बाहेर दाराशी माणसं उभी होती, आत कुणी आलं नाही. कुत्रा दोनदा उठून वाकला. तिसऱ्यांदा उठला, उभा राहिला, आणि वाकायच्या ऐवजी हळूच खाली बसला. मग एका कुशीवर झाला. पाय पसरले. एक मोठा सुस्कारा टाकला आणि निजला. आप्पांच्या पत्नीनं पदर तोंडाला लावला.

तो वाचला, हे आताच सांगून टाकतो, पुढं बरीच वर्षं जगला. पण त्या वेळी आम्हाला ते ठाऊक नव्हतं. रविवारी मी पुन्हा गेलो, सोमवारीही गेलो. सोमवारी अभिषेक झाला, टँकरच्या पाण्यानं झाला. आभाळ कोरडंच होतं. आप्पांच्या दुकानात सकाळपासून गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. पाऊस आला नाही तर दोष कुणाच्या माथी मारायचा हे गावानं ठरवल्यासारखं दिसत होतं. आप्पा ओट्यावर बसून होते, मला बघून नुसते हसले.

दुपारी एक बाई आली. लांबच्या वस्तीवरनं चालत आलेली, पाय धुळीनं माखलेले, ओच्यात नारळ. देवळात जाऊन आली होती, तिथं कुत्रा दिसला नाही म्हणून विचारत विचारत इथवर पोचली होती. दारात उभी राहून तिनं आत पाहिलं. कुत्रा गोणपाटावर पाय लांब करून घोरत होता.

“नमस्कार करत न्हाई का आता?” तिनं विचारलं.

आप्पांची पत्नी पुढं झाली.

“न्हाई, बाई. आता दुखत न्हाई त्याला.”

बाईला कळेना. मग आप्पांच्या पत्नीनं तिला सगळं सांगितलं, बारशाच्या जेवणापासून. मला वाटलं, आता ही भांडेल, नाहीतर कपाळाला हात लावून खाली बसेल. एवढ्या उन्हात ती एका आशेवर चालत आली होती आणि आम्ही ती काढून घेतली होती. तिच्या वस्तीवर विहिरी आटल्या होत्या, गुरं छावणीला बांधली होती, हे तिनंच बोलता बोलता सांगितलं होतं. ती उंबऱ्यापाशी टेकली आणि कुत्र्याकडं बघत राहिली.

“लई दुखत असंल, न्हाई?”

“हाव,” आप्पांची पत्नी म्हणाली.

बाईनं ओच्यातला नारळ सावरला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. आवाज होऊ नये म्हणून दार तिनं हलकेच लोटून घेतलं.

“निजू द्या त्याला,” ती म्हणाली. “पावसाचं बघू आपण.”