स्टेशन डायरीतला चुकलेला शब्द

ती घटना आठवली की आजही मला आधी हायसे वाटते आणि मग हसू येते. क्रम नेहमी हाच असतो. त्या दिवशी मात्र सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत आमच्या ठाण्यात कोणी हसले नव्हते. एका परदेशी मुलीचे पुढचे सगळे आयुष्य माझ्या टेबलावरच्या एका अहवालाशी येऊन थांबले होते.

माझ्या निवृत्तीला वर्षभर उरले होते. खडकीच्या बाजूला एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. ठाण्याचे नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील आणि पुणेकर असल्यामुळे या लेखातल्या माझ्या चुकाही कळवतील. हद्दीत दारूगोळा कारखाना, लष्करी वसाहती आणि कारखान्यातल्या लोकांची घरे. तिथे बेवारस पिशवी दिसली तरी आम्ही जेवण अर्धे टाकून पळत असू.

बुधवारी संध्याकाळी ठाण्यात एक फोन आला. तो घेतला आमच्या ठाणे अंमलदाराने. पोरगा हुशार, अक्षर मोत्यासारखे, नोकरी जेमतेम दोन वर्षांची. त्याने स्टेशन डायरीत नोंद केली ती अशी: एका इसमाने नाव न सांगता कळविले की, शेजारी राहणारी आफ्रिकन मुलगी उद्या गॅलरीत बॉम्ब पेटवणार आहे. वेळीच बंदोबस्त करावा, नंतर बोंबलू नये. पुढे इमारतीचा पत्ता होता. अंमलदाराने नाव विचारले, तेव्हा पलीकडून "कळवायचं काम मी केलं, आता पुढचं तुमचं" एवढे बोलून फोन ठेवला गेला.

असे फोन बहुतेक वेळा खोटे असतात. पण बहुतेक या शब्दावर विसंबून ठाणे चालवता येत नाही. मी चौकशीला माणसे सोडली.

मुलगी बावीस वर्षांची होती. पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातून शिकायला आलेली आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरी पेइंग गेस्ट. परदेशी नागरिकासाठी घरमालकाला भरावा लागणारा फॉर्म बिनचूक भरलेला होता. ते नवरा-बायको साताऱ्याला मुलीकडे गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. बीट मार्शल सांगत आले की, ही मुलगी कारखान्याच्या रस्त्यावर स्टँडला मोबाइल लावून व्हिडिओ काढताना दोनदा दिसली आहे. आमच्या महिला उपनिरीक्षकांनी तिचे व्हिडिओ शोधून काढले. भाषा कोणालाच कळेना, पण दर दोन वाक्यांनी ती अंगठा वर करून "बोंबा, बोंबा" म्हणत होती. खाली इंग्रजीत लिहिले होते की हे काम ती आपल्या देशाच्या सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमासाठी करते.

परक्या देशाचे सरकार, दारूगोळा कारखान्याचा रस्ता आणि वर बोंबा. एकदा संशय आला की प्रत्येक गोष्ट त्याच्याच बाजूने साक्ष द्यायला उभी राहते. मी स्वतः त्या दिवशी तसाच वाहवत गेलो, हे मान्य करतो. विशेष शाखेला कळवले. वरून निरोप आला की गुरुवारी बाराच्या आत अहवाल हवा, मग परदेशी नागरिक नोंदणी शाखा पुढचे बघेल. पुढचे म्हणजे व्हिसा रद्द आणि परतीचे विमान. असा शेरा एकदा पडला की तो माणसाच्या मागे जन्मभर फिरतो.

गुरुवारी सकाळी आठ वाजता महिला पथकाने मुलीला ठाण्यात आणले. इकडे इमारत रिकामी करून रहिवाशांना समोरच्या मैदानात बसवले. गॅलरीत पोत्यात गुंडाळलेली, मांडीएवढ्या उंचीची एक उभी वस्तू होती. वरून धातूची नळी डोकावत होती. बॉम्बशोधक पथकाचा श्वान हुंगून शेपटी हलवत परतला. पण पथकप्रमुख नियमाचे पक्के. वस्तू आहे त्या जागीच निकामी करावी, असा त्यांचा विचार चालला होता.

ठाण्यात मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. चहा पुढे केला तर तिने दोन्ही हातांनी कप धरला, पण प्यायली नाही. मराठी बऱ्यापैकी बोलत होती. कसबा पेठेतल्या एका तांबटकाकांकडून शिकले, असे म्हणाली. रस्त्यावर व्हिडिओ का काढले, असे विचारल्यावर तिथल्या झाडांची सावली चांगली पडते, हे तिने इतक्या सरळपणे सांगितले की मला ते थाप वाटले. पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, साडेबाराच्या आत सोडाल ना. साडेबाराला काय आहे, असे दरडावल्यावर म्हणाली, "पेटवायचं आहे. सरकारचे लोक बघणार आहेत."

महिला उपनिरीक्षक पुढे झुकल्या. पोत्यात काय आहे, असे त्यांनी विचारले.

"बंब," मुलगी म्हणाली.

उपनिरीक्षक माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "साहेब, कबूल करतेय."

मी स्टेशन डायरी पुढे ओढली. तिने तो शब्द फार स्वच्छ उच्चारला होता. इतका की तो इंग्रजी वाटलाच नाही. आणि कालपासून डायरीतले एक क्रियापद मला कुसळासारखे टोचत होते. बॉम्ब लोक ठेवतात, फोडतात, उडवतात. पेटवतात तो दिवाळीतला. जो माणूस नाव न सांगता पोलिसांना फोन करतो, तो सुतळी बॉम्बसाठी करील का? अर्थात पुण्यात करीलही.

मी विचारले, "पेटवल्यावर काय होईल?"

"पाणी गरम होईल," ती म्हणाली. "अंघोळीचं."

माझा हात आपोआप डाव्या कोपराकडे गेला. तिथे रुपयाएवढा एक गुळगुळीत डाग आहे. चौथीत असताना पोलीस लाइनीतल्या आमच्या घरात शाळेच्या घाईत मी तापलेल्या बंबाला टेकलो होतो, त्याचा. ज्यांनी बंब पाहिलाच नाही त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचे उभे पिंप, मधोमध आरपार नळी, नळीत खालून जाळ, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. गिझर घरोघरी येण्याआधी निम्म्या महाराष्ट्राची अंघोळ त्याच्यावर होत असे. आमच्या अंमलदाराचा जन्म गिझरनंतरचा.

मी तिला कोपर दाखवले आणि विचारले, "हाच ना?"

तिने डागाकडे पाहिले आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरले. "माझ्या आईच्या दोन्ही हातांवर आहेत असे," ती म्हणाली.

मग सगळे बाहेर आले. तिच्या देशात तरुणांना नोकऱ्या नाहीत आणि मोबाइल मात्र प्रत्येकाच्या हातात आहे. सरकारने ठरवले की व्हिडिओ करणाऱ्या मुलामुलींनाच कामाला लावायचे. जो जिथे असेल तिथला एक लहान धंदा त्याने शोधावा, माल कसा बनतो ते दाखवावे. मंत्रालयाच्या मंडळाला पटले तर तिथल्या तरुणांना तो धंदा शिकवायचा आणि व्हिडिओ करणाऱ्याच्या उरलेल्या शिक्षणाचा भार सरकारने उचलायचा. सरकारी योजना म्हटले की आपण आधी हसतो. मीही हसलो असतो. पण ती म्हणाली, "सरकार म्हणतं, व्हिडिओ करा, देश पुढे जाईल. आई म्हणते, पाणी तापलं की मला सांग."

आई गावातल्या सरकारी प्रसूतिगृहात कामाला होती. बाळंतिणींचे पाणी तीन दगडांच्या चुलीवर तापवायचे आणि उकळते पातेले उचलून न्यायचे, हे तिचे रोजचे काम. तिच्या देशात तांबे जमिनीतून निघते, तसेच जहाजात चढते आणि भांडे होऊन परत येते. मुलीने कसब्यातल्या तांबटकाकांच्या दुकानात भंगारात पडलेला बंब पाहिला आणि तिथेच ठाण मांडले. त्यांच्याकडून लहान बंब घडवून घेतला, त्याच्या प्रत्येक ठोक्याचा व्हिडिओ केला. त्या दुपारी तो मंडळासमोर व्हिडिओ कॉलवर थेट पेटवून दाखवायचा होता. दाखवला नाही तर जागा पुढच्या उमेदवाराला जाणार होती. आणि बोंबा? त्यांच्या भाषेत नळीलाही बोंबा म्हणतात आणि झकासलाही.

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. मी पथकप्रमुखांना फोन करून हात आवरायला सांगितले आणि मुलीला आणि अंमलदाराला गाडीत घेऊन मैदानात गेलो. पण अहवाल लिहायचा तर खबर देणारा सापडायला हवा होता. फोन लँडलाइनवरून आलेला, नंबर मुलीच्या शेजारच्याच घरातला, आणि सकाळपासून तो कोणी उचलत नव्हते. उचलणार कोण? उचलणारा आम्हीच हाकललेल्या घोळक्यात, कानटोपी घालून, झाडाखाली बसला होता.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मी विचारले, काल फोन आपण केला होता का?

"केला होता. पण धूर होईल म्हणून कळवलं, तर तुम्ही लष्कर आणलंत. एवढी तत्परता पाण्याच्या तक्रारीला दाखवा."

"आपण नक्की काय सांगितलं होतं?"

"शेजारची मुलगी गॅलरीत बंब पेटवणार आहे, आमचे कपडे वाळत असतात, बंदोबस्त करा." त्यांनी कानटोपी सारखी केली. "तुमच्या माणसानं मध्येच विचारलं, बॉम्ब का? मी म्हटलं, तुम्ही काय म्हणता ते तुमचं, आम्ही बंब म्हणतो."

माझ्या मागे उभ्या अंमलदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्याला वाटले होते, जुनी माणसे बॉम्बला बंब म्हणत असतील. त्याने आपल्या परीने शब्द शुद्ध करून लिहिला होता.

मला इतके हलके वाटले की मी तिथेच पारावर बसलो. चौतीस वर्षांच्या नोकरीत गुन्हा उघडकीस आल्याचा आनंद पुष्कळदा झाला. गुन्हा झालाच नाही याचा आनंद त्याहून मोठा असतो, हे मला तिथे कळले.

पथकाने पोते सोडले. आतून लखलखीत तांबे निघाले आणि पथकप्रमुखांसकट सगळे बघत राहिले. गॅलरीत परत चढवायला वेळ नव्हता, म्हणून बंब मैदानातच मांडला. साडेबाराला मोबाइलच्या पडद्यावर टेबलामागे बसलेली माणसे दिसू लागली. त्यांना इकडे पोलीस, श्वान आणि कानटोप्या दिसल्या असतील. मुलीने घाईघाईने काटक्या नळीत सोडल्या आणि काडी ओढली.

"थांब," मागून आवाज आला. आमचे तक्रारदार उठून आले होते. "आधी पाणी, मग जाळ. कोरडा पेटवलास तर जोडाची झाळ वितळेल आणि तोटी हातात येईल. काकांनी हे नाही सांगितलं?"

काकांनी सांगितले होते, पण भीतीने ती विसरली होती. गृहस्थांनी स्वतः दोन बादल्या पाणी ओतले, काटक्या मोकळ्या करून लावल्या आणि धूर आपल्याच घराच्या दिशेने जातो आहे याकडे दुर्लक्ष केले. थोड्या वेळाने मुलीने तोटी सोडली. वाफाळते पाणी बादलीत पडले. तिने मोबाइलकडे पाहून अंगठा वर केला, आणि मैदानातल्या पोरासोरांनी तिच्याआधीच एका सुरात "बोंबा" म्हटले.

बाराचा अहवाल मी फोनवरच दिला होता. लेखी पोचला तो दीड तास उशिरा. त्याबद्दल बोलणी खाल्ली आणि ती मला गोड लागली. मंडळाने तिची निवड केली, हे तिने महिनाभराने पेढे घेऊन येऊन सांगितले.

त्या प्रकरणाने मला जे शिकवले ते आमच्याच कागदावर छापल्यासारखे रोज असायचे. प्रत्येक जबाबाखाली आम्ही लिहितो की, माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. हजारो वेळा लिहिले आणि निम्म्या वेळा न वाचताच सही घेतली. बुधवारी संध्याकाळी अंमलदाराने ते एक वाक्य फोनवर वाचून दाखवले असते, तर गृहस्थांनी तिथेच त्याचा कान पकडला असता. मी त्याला शिक्षा दिली नाही. मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक फोनची नोंद सांगणाऱ्याला वाचून दाखवायची, एवढेच काम दिले.

मुलीचा जबाब नियमाप्रमाणे घ्यावाच लागला. टंकलेखकाने सवयीने सगळीकडे बॉम्बच टाइप केले होते. मी वाचून दाखवू लागलो तर ती म्हणाली, "थांबा, मी वाचते." बसच्या पाट्या वाचता याव्यात म्हणून ती देवनागरी शिकली होती. एकेका ओळीवर बोट ठेवत तिने सात ठिकाणी तो शब्द खोडला, वर बंब लिहिले आणि दर खाडाखोडीशेजारी सही केली. माझ्या नोकरीत तेवढा स्वच्छ कागद दुसरा झाला नाही.